पठारावरचा चौथा नियम

३ एप्रिल

प्रिय मामा,

नमस्कार. समोर असते तर वाकले असते, आणि तुम्ही नेहमीसारखे पाय मागे घेऊन "पदवीवाल्यांनी हे करायचं नसतं" म्हणाला असता. म्हणून पत्रातच उरकते.

सोबत एक निळी पुस्तिका पाठवतेय. सोळा पानं, जबाबदार प्रवासाचे बारा नियम. शेवटच्या पानावर तळाशी 'लेखन' असं छापलंय आणि पुढे माझं नाव आहे. आईने ते बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "एवढं बारीक का? शाई संपली होती?" बाबांनी मात्र एक प्रत गाडीच्या काचेपाशी ठेवली आहे. गाडीत बसेल त्या प्रत्येकाला दाखवतात.

ऑफिसात माझं टेबल झेरॉक्स मशीनला चिकटून आहे, दिवसभर पाठ शेकून निघते. पण काम मनासारखं आहे, मामा. मला खरंच वाटतं की तुमच्या पठारासारख्या जागा माणसांनी पाहायला हव्यात, आणि पाहून परतल्यावर तिथे कुणी येऊन गेलं होतं हे कळूही नये. त्यासाठीच हे नियम. कचरा परत आणायचा, साबण पाण्यात जाऊ द्यायचा नाही, एका वेळी आठच माणसं. मला सगळ्यात आवडतो तो चौथा: 'सर्वांनी एका ओळीत, एकाच वाटेने चालावे. जितकी कमी जमीन पायाखाली येईल, तितकी कमी इजा.'

ऑक्टोबरात वनखात्याचे अधिकारी पठार बघायला येणार आहेत. ते जसंच्या तसं असेल तर पुढच्या पाच वर्षांचा परवाना मिळेल. नसेल तर पठार बंद, म्हणजे तुमचं वरचं कामही बंद. म्हणून यंदा सगळं पुस्तिकेप्रमाणे व्हायला हवं.

लहानपणी तुम्ही मला नदीपर्यंतच न्यायचात, वर कधी नेलं नाहीत. पण तुम्ही स्वतः तीस वर्षं माणसं वर नेताय. पुस्तिकेत काही चुकलं असेल तर सांगा. अगदी मोकळेपणाने सांगा.

तुमची,
भिंगरी


१९ एप्रिल

चि. भिंगरी,

सामानाचा ट्रक आठवड्यातून एकदाच येतो हे तू शहरात राहून विसरलीस वाटतं. पाकिटावर 'तातडीचे' लिहिलं होतंस. ड्रायव्हरने ते बटाट्यांच्या पोत्यावर, सगळ्यात वर ठेवून आणलं. याहून जास्त तातडी आमच्याकडे नाही.

पुस्तिका वाचली. मी सावकाश वाचणारा माणूस, मला चार दिवस लागले. फार छान लिहिलं आहेस. साबणाचं तर मला कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं. आता तुझी मामी नदीवर साबण नेऊ देत नाही, घरामागे बादलीत अंघोळ कर म्हणते.

एकच विचारतो. चौथा नियम खालच्या रानापुरता आहे की वर पठारावरसुद्धा? खाली वाट आहेच, तिथे ठीक. वर वाट नाही. तू लिहिलंस म्हणजे विचार करूनच लिहिलं असशील, तरी आपलं विचारलं.

आईला सांग, अक्षर बारीक असलं तरी नाव मोठं आहे.

मामा

ता. क. मी मामी. पत्र बंद करायच्या आत दोन ओळी घुसवते. पुस्तिका वाचून संपल्यापासून हे दोन दिवस गप्प आहेत. विचारलं तर म्हणतात दाढ दुखतेय. मग चणे कसे फोडतात देव जाणे. तू जेवणाची आबाळ करू नकोस.


४ मे

प्रिय मामा,

सगळीकडे! खाली, वर, दोन्हीकडे. नियमाला अपवाद ठेवला की प्रत्येक जण स्वतःला अपवाद समजतो. आमच्या अभ्यासक्रमात एक अख्खा धडा यावर होता. माणसं पांगली की जमीन जास्त तुडवली जाते. वर वाट नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून मी ऑफिसातून लाल टोकाच्या साठ काठ्या मंजूर करून घेतल्या आहेत. शंभर-शंभर पावलांवर एक रोवा, सरळ तळ्यापर्यंत. मग कुणी भरकटायचा प्रश्नच नाही.

दाढेसाठी लवंगेचं तेल पाठवतेय. कापसावर दोनच थेंब घ्या. आणि मामा, दुखणं अंगावर काढू नका. तुम्हाला ती सवय आहे.

भिंगरी


११ जुलै

चि. भिंगरी,

तेल पोचलं. काठ्या पोचल्या. दोन्हींचा उपयोग झाला.

सात फेऱ्या झाल्या. माणसं चांगली येतात यंदा. तुझी पुस्तिका पाठ करून येतात, मलाच नियम सांगतात. एक डॉक्टरीणबाई होत्या, सत्तरीच्या. संत्र्याची सालं तीन दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरल्या. परत आल्यावर खिसा उलटा करून मला दाखवला आणि म्हणाल्या, "झाले का मी पास?" मी म्हटलं, "बाई, पहिल्या नंबराने." एक गृहस्थ शिंकले तरी इकडेतिकडे बघायचे, नियमात बसतं का म्हणून.

ओळीतच चालतो. पुढे मी, मागे आठ जण. काठ्या लांबून छान दिसतात.

पाऊस बरा आहे. पाणी आता काठ्यांच्या बाजूबाजूने चालतं. टिटव्या दरवर्षी तळ्याच्या अलीकडे अंडी घालतात, यंदा पलीकडे गेल्या. त्यांचं त्या बघतात.

मी बरा आहे. दाढ थांबली.

मामा


२५ जुलै

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी संचालिकाबाईंना वाचून दाखवलं. संत्र्याच्या सालांवर त्या इतक्या हसल्या की शिपाईकाका डोकावून गेले. मग म्हणाल्या, "एवढं चांगलं चाललंय तर ही पुस्तिका आपण माणसं नेतो त्या बाराही खोऱ्यांसाठी छापू." बारा, मामा! मी माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि पाच मिनिटं नुसती मशीनकडे बघत राहिले. आपल्या घरात कुणाला फॉर्म भरायचा झाला तर शेजारच्या मास्तरांकडे जायचं. त्या घरातल्या मुलीने लिहिलेलं बारा खोऱ्यांत वाचलं जाणार.

छपाईसाठी एक फोटो हवा आहे. काठ्यांच्या रांगेशेजारी तुम्ही उभे आहात असा. कुणा प्रवाशाला काढायला सांगा. टोपी काढून, आणि जरा हसून.

पाणीसुद्धा काठ्यांच्या बाजूने चालतं हे मला फार आवडलं. म्हणजे निसर्गालाही शिस्त लागली!

भिंगरी


२० ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र मी, मामी, लिहितेय. तुझ्या मामांना न सांगता. ते वर गेलेत. माणसं घेऊन नाही, एकटेच.

फोटो मागितला होतास ना. तो येणार नाही. तुझं पत्र वाचून ते ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. जेवण वाढलं, थंड झालं. मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले.

वर माती नाहीच म्हण. शेवाळावर शेवाळ, खाली पाणी. ओल्या गादीसारखं. त्यावर एक पाऊल पडलं तर रात्रीत वर येतं. त्याच जागी दुसरं पडलं तर महिना घेतं. शेकडो पडली की ती वाट होते, आणि वाट झाली की पाणी तीच धरतं. म्हणून तुझे आजोबा आणि तुझे मामा वर माणसांना कधी ओळीत नेत नव्हते. पांगून चालायचे. पठाराच्या काठाला सगळ्यांना उभं करायचं आणि प्रत्येकाला लांबचं एक ठिकाण वाटून द्यायचं. तुमचा तो खडक, बाई तुमचं ते झुडूप, तुमची ती खिंड. ज्याने त्याने आपापल्या खुणेकडे बघत जायचं, दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकायचं नाही. येताना दुसऱ्या बाजूने. तीस वर्षांत वर रेघ उमटली नव्हती.

आता उमटली आहे. काठीपासून काठीपर्यंत. जून महिन्यात घोट्याइतकी होती, आता गुडघ्याला लागते म्हणतात. तळ्याचं पाणी त्यातून खाली येतंय. तळं वीतभर उतरलं. दोन फेऱ्यांच्या मध्ये हे एकटे जातात आणि दगड भरत बसतात. भरलं की पुढच्या पावसात जातं.

तू म्हणशील बोलले का नाहीत. मीही तेच म्हटलं. "तुम्हाला जीभ नव्हती का?" तर म्हणाले, "घरातलं पहिलं शिकलेलं पोर. तिच्या पहिल्याच पुस्तकावर मी रेघ मारू?"

आता बघ, रेघ कुठे मारली गेली ती.

रागावू नकोस. राग आला तर माझ्यावर काढ, मला सवय आहे.

मामी


२७ ऑगस्ट

मामा,

मामींनी लिहिलंय. त्यांना काही बोलू नका.

मी विचारलं होतं. पहिल्याच पत्रात विचारलं होतं, मोकळेपणाने सांगा. तुम्ही दाढ दुखते म्हणालात. मी मूर्खासारखी तेल पाठवलं. तुमच्या पत्रात पाण्याचं होतं, टिटव्यांचं होतं, मी त्यावर विनोद केला आणि तुम्ही तोही गिळलात. तुम्ही मला लहान समजलात की मोठी, तेच मला कळत नाही. लहान समजला असतात तर कान धरला असतात. मोठी समजला असतात तर भांडला असतात.

शुक्रवारच्या ट्रकने येतेय. मला वर न्या.

भिंगरी


१८ सप्टेंबर

प्रिय मामा,

परत येऊन आठ दिवस झाले, पण बुटांचा ओला वास खोलीतून जात नाही.

 वर तुम्ही मला काठाला उभं केलंत आणि म्हणालात, "तुझा तो काळा खडक." बस्स. मी त्या खडकाकडे बघत चालले आणि मागे वळून पाहिलं तर माझी पावलं हळूहळू वर येत होती, कणीक फुगावी तशी. आणि डावीकडे ती रेघ. इतकी सरळ की कुणीतरी पट्टी ठेवून ओढली असावी असं वाटलं. पट्टी मीच ठेवली होती. माझ्या सरळपणाचा मला इतका अभिमान होता.

आता खरी गोष्ट लिहिते, कारण यावेळी मला तुमचं उत्तर हवं आहे.

मी संचालिकाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या. मग म्हणाल्या, "अधिकारी येण्याआधी खात्याला द्यायच्या अहवालात लिही, अतिवृष्टीमुळे एक प्रवाह तयार झाला. यंदा पाऊस जास्त झाला, हे खोटं आहे का?" खोटं नाही. तेच तर. वाक्य खरं आणि अहवाल खोटा. अधिकारी पावसाला शिक्षा करत नाहीत. तसं लिहिलं तर परवाना मिळेल, तुमचं वरचं काम राहील, चौथा नियम आपण पुढच्या वर्षी गुपचूप काढून टाकू आणि माझी नोकरीही राहील.

खरं लिहिलं तर पठार बंद होईल. किती वर्षं, ठाऊक नाही. तुमच्याकडे खालच्या रानातल्या दोन दिवसांच्या फेऱ्या तेवढ्या उरतील. मामींनी प्रवाशांसाठी ठेवलेल्या चार खाटा रिकाम्या राहतील. वरचं पठार बघायचं म्हणून तर लोक एवढ्या लांब येतात.

नुसती माझी नोकरी असती तर मी विचारलंही नसतं. पण चूक माझी आणि भरपाई तुमच्या घराने करायची, हे माझ्या हाताने लिहवत नाही. तीन रात्री कागद पुढे घेऊन बसतेय.

काय लिहू? "तुला योग्य वाटेल ते" असं उत्तर पाठवू नका. तसं पाठवलंत तर मी पुन्हा कधी पत्र लिहिणार नाही.

भिंगरी


२६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

खरं लिही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. तुझी मामी म्हणाली, पोरीने दोन पानं लिहिली आणि तुम्ही दोन शब्द, पोस्टाचा तिकीटखर्च तरी वसूल करा. म्हणून पुढचं.

मी तुला लहान समजलो की मोठी, असं तू विचारलंस. खरं सांगू? मी स्वतःलाच लहान समजलो. पुस्तिका वाचली तेव्हा वाटलं, आपण वडिलांचं बघून करत आलो, कधी मोजलं नाही, कुठे लिहिलं नाही. हिने शिकून लिहिलंय. कदाचित तीस वर्षं आपणच अडाणीपणा केला असेल. दुसऱ्या फेरीलाच कळलं की नाही, आपलंच बरोबर होतं. तेव्हा लिहायला हवं होतं. सातव्या फेरीनंतर बसलोही होतो, खरं ते लिहायला. पण लेखणी डॉक्टरीणबाईंच्या सालांकडे वळली. हसवणं सोपं असतं. मग तुझं बारा खोऱ्यांचं पत्र आलं आणि माझी वाचाच गेली.

तेव्हा नियम तुझा, पण पावलं माझी. अकरा फेऱ्या मीच पुढे चालत होतो. डोळे उघडे ठेवून.

म्हणून अहवालात एक वाक्य माझ्याकडून घाल. असं घाल: 'वाटाड्याला हे माहीत होतं, तो बोलला नाही.' हे वगळू नकोस. मामाला सांभाळायला म्हणून वगळलंस तर मी जे केलं तेच तू केलंस असं होईल. घरच्या माणसाला सांभाळायचं आणि पठार बुडवायचं.

आमच्या घराची काळजी करू नकोस. खालच्या फेऱ्या आहेत. मामी म्हणते पठार बंद झालं ते चालेल, पण हे तीन-चार वर्षं रोज घरी असणार, याची भरपाई कुठलं खातं देणार तेवढं विचार.

बारा खोऱ्यांत ती पुस्तिका जाऊ देऊ नकोस. त्या खोऱ्यांतही कुणाचेतरी मामा असतील. आमच्यासारखेच गप्प बसणारे.

मामा


२१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुमचं वाक्य घातलं. शब्द न शब्द, तुम्ही लिहिलंत तसंच. त्याआधी माझंही आहे: 'हा नियम पठार न पाहता लिहिला गेला.' संचालिकाबाईंनी दोन्ही वाक्यं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. म्हणाल्या, "तुझ्या वयात मीही असंच लिहिलं असतं."  

अधिकारी पठार पाहून गेले त्याचा निकाल आला. पठार तीन वर्षं बंद. पुस्तिका मागे घेतली. छापून आलेले सगळे गठ्ठे माझ्याच टेबलाखाली ठेवलेत, पाय ठेवायला जागा नाही. डिसेंबरनंतर मला कामावर ठेवणार नाहीत. आईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "खरं लिहिलंस म्हणून काढलं की खोटं लिहिलंस म्हणून?" मी म्हटलं, "आधी चुकीचं लिहिलं, मग खरं लिहिलं." तिने एक बाही पुरी केली आणि म्हणाली, "मग ठीक आहे. उलट क्रमाने लिहिलं असतंस तर घरात घेतलं नसतं." बाबांनी गाडीतली प्रत अजून काढलेली नाही. मी काढा म्हटलं तर म्हणाले, "साबणाचं तर बरोबर आहे ना त्यात?"

आता मुद्द्याचं. मी खात्याला एक अर्ज केला होता आणि तो मंजूर झालाय. ती रेघ बुजवण्यासाठी दोन माणसांना वर जाता येईल, उन्हाळ्याच्या सुरुवातीला चार आठवडे. एक वाटाड्या, एक मदतनीस. मदतनीस म्हणून मी माझं नाव दिलं आहे. तुम्हाला न विचारता दिलं, तेव्हा हवं तर आत्ताच नाही म्हणा.

सोबत आराखडा जोडतेय. पाणी अडवायला बावीस बांध. खालच्या टोकापासून सुरू करून वर तळ्याकडे जायचं. बांधाला लाकडी फळ्या, आणि मध्ये भरायला शेजारचंच शेवाळ कापून घ्यायचं. मी तीन पुस्तकं वाचून आणि एका प्राध्यापकांना भेटून हे केलंय. तरी पठार मी एकदाच पाहिलंय, आणि तुम्ही तीस वर्षं. वाचून कळवा.

भिंगरी


२ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आराखडा वाचला. चूक आहे.

खालून सुरू करायचंच नाही. खाली पाण्याला जोर असतो, तुझा पहिला बांध पहिल्या सरीत नदीत जाईल. वरून सुरू करायचं, तळ्याच्या तोंडाशी, जिथे धार बोटाएवढी आहे. तिथे मूठभर अडवलं की खालचं काम निम्मं होतं. हे तुझ्या प्राध्यापकांना विचार, ते नाही म्हणाले तर त्यांनाही घेऊन ये, त्यांनाही दाखवतो.

दुसरं, शेजारचं शेवाळ कापायचं म्हणतेस, म्हणजे एक जखम भरायला दुसरी करायची. हे तुझ्यासारख्या मुलीने लिहावं? वरचं काही कापायचं नाही. खालच्या रानातल्या वाळलेल्या काटक्यांच्या मोळ्या बांधायच्या आणि पाठीवरून वर न्यायच्या. पाठ मोडेल. मोडू दे, वय आहे तुझं.

तिसरं, बावीस बांध पुरणार नाहीत. परवा मी काठावरून नीट पाहून आलो. माझ्या हिशेबाने चाळीस तरी. तू समान अंतरावर काढलेत. पाणी कुठे समान अंतराने वाहतं? जिथे उतार तिथे जवळजवळ, जिथे सपाट तिथे लांब.

फळ्यांचं बरोबर आहे. ते मला सुचलं नसतं. दगड भरत बसलो तीन महिने, फळी डोक्यात आली नाही.

पान सहावर तू पाण्याचा वेग मोजायचं काहीतरी लिहिलंय, ते मला समजलं नाही. समजलं नाही म्हणून बरोबर असेल असं यावेळी धरत नाही. आल्यावर समजावून सांग. पटलं तर करू.

पान आठ आणि नऊवर मला अजून भांडायचं आहे, पण मामी म्हणते ट्रक निघाला.

मामा

ता. क. मामी. काल सकाळपासून आराखडा टेबलावर पसरून बसलेत आणि भिंतीशी वाद घालतायत. "हे असं कसं? हे असं चालणारच नाही!" मध्येच मला बोलावतात आणि तुझी चूक दाखवतात. दाढेचं नाव नाही. तू डिसेंबरातच ये, उन्हाळ्यापर्यंत मला एकटीला हे झेपायचं नाही.